वेदीवरचं पाणी

मिस्सामध्ये अर्पणाच्या वेळी धर्मगुरू चषकात द्राक्षारस ओततात आणि त्यात थोडंसं पाणी मिसळतात. दोन-चार थेंबच, मागच्या बाकावरून दिसतही नाहीत. पण त्या पाण्याशिवाय अर्पण करायचं नाही, असा ख्रिस्तसभेचा नियमच आहे. तिसऱ्या शतकात कार्थेजचे बिशप संत सिप्रियन यांनी त्याचा अर्थ सांगून ठेवला आहे. द्राक्षारस म्हणजे ख्रिस्त आणि पाणी म्हणजे माणसं. एकदा मिसळली की कुणाला वेगळं काढता येत नाही.

वसईच्या पश्चिम पट्ट्यातल्या एका धर्मग्रामात हे पाणी चर्चच्या आवारातल्या विहिरीचं असायचं. सॅक्रिस्टी, म्हणजे मिस्साच्या तयारीची खोली, सांभाळणारे आजोबा रविवारी पहाटे पोहरा सोडून ते काढायचे, स्वच्छ फडक्यातून गाळायचे आणि काचेच्या लहान कुपीत भरायचे. सगळा धर्मग्राम त्यांना आजोबाच म्हणायचा. लहानपणी त्यांनी लॅटिन मिस्साला वेदीसेवक म्हणून सेवा केली होती, अर्थ न कळता उत्तरं घोकली होती. पुढे १९६२ ते १९६५ या काळात दुसरी व्हॅटिकन परिषद झाली, मिस्सा मराठीत आली, धर्मगुरू लोकांकडे तोंड करून उभे राहू लागले. आयुष्यभर रोज चर्चला जाणाऱ्या आपल्या आईला वेदीवर काय बोलतात ते म्हातारपणी पहिल्यांदा कळलं, ही गोष्ट आजोबा प्रत्येक नव्या वेदीसेवकाला सांगायचे.

हा पट्टा जुन्या श्रद्धेचा. १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला आणि पोर्तुगीज निघून गेले, पण वाड्यांतली माणसं राहिली आणि त्यांच्याबरोबर त्यांचा रविवारही. रविवार म्हणजे नुसती तासाभराची उपासना नव्हे. पहाटेच्या मिस्साला भाजीवाले आणि फुलवाले, कारण त्यांना पुढे गाडी पकडायची असते. साडेसातच्या मिस्साला घरचे सगळे. शेवटी सूचना होतात: कुणाचं लग्न ठरलंय, कुणाच्या महिन्याची मिस्सा आहे, व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीची माणसं या आठवड्यात कुठल्या आळीत आजाऱ्यांना भेटायला जाणार आहेत. मग आवारात घोळके उभे राहतात. केळीचे मुनवे तिथेच मागितले जातात, दवाखान्यात कोण आहे ते तिथेच समजतं, रुसलेल्या सुनेला माहेरची माणसं तिथेच गाठतात. मला तर वाटतं, मिस्साचा अर्धा भाग या आवारात होतो, आणि त्याला वेदीवरच्या भागाइतकंच महत्त्व आहे.

या धर्मग्रामात दोन भाऊ होते. दोघंही आजोबांच्या हाताखाली वेदीसेवक झालेले. मिस्सा संपली की पांढरे झगे खुंटीला लावून विहिरीवर धावायचे आणि एकाच पोहऱ्यातून ओंजळीनं पाणी प्यायचे. बापाच्या मागे वाडीची वाटणी झाली. मधलं बावखल मात्र दोघांत राहिलं, अर्धं याचं, अर्धं त्याचं.

वसईबाहेरच्या वाचकाला बावखल सांगावं लागेल. पूर्वजांनी वाडीची जमीन उंच करण्यासाठी माती काढली, तिथे मोठे खड्डे झाले. पावसाचं पाणी त्यांत साठायचं आणि वर्षभर मुरत राहायचं. समुद्र एवढा जवळ असून इथल्या विहिरी गोड राहिल्या त्या या मुरणाऱ्या पाण्यामुळे. गोड्या पाण्याचा दाब असेपर्यंत खारं पाणी जमिनीखालून पुढे सरकत नाही. त्याच जोरावर इथे पानवेली झाल्या, राजेळी केळी झाली आणि त्या केळ्यांची सोनेरी सुकेळी. पुढे मुंबई वाढत वाढत वसईपर्यंत आली. विहिरींचं पाणी टँकरनं शहराकडे जाऊ लागलं, बावखलं भरून त्यावर इमारती उभ्या राहू लागल्या. १९८० च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारखा धर्मगुरू हरित वसईसाठी रस्त्यावर उतरला तो यासाठीच. त्यांच्यावर पुष्कळांनी टीका केली की धर्मगुरूचं काम चर्चमध्ये. मी ती टीका कधीच मानली नाही. विहिरी खाऱ्या होत असताना जो मेंढपाळ गप्प बसेल, त्यानं मेंढरांना पाण्यावर कसं न्यायचं?

थोरल्या भावानं आपला हिस्सा एका बिल्डरला द्यायचं ठरवलं. मुलीचं लग्न तोंडावर होतं, मुलाला परदेशी पाठवायचं होतं. धाकटा म्हणाला, "वाडी विक, पण बावखल सोड. ते दोघांचं आहे." थोरला म्हणाला, "माझा अर्धा माझा." एका रात्री डंपर आले. सकाळी धाकटा मोटर लावायला गेला तेव्हा अर्ध्या बावखलात विटांचे तुकडे, फुटक्या लाद्या, सिमेंटचे गोळे पडलेले होते. उरलेल्या अर्ध्यातलं पाणी गढूळ झालं होतं.

त्या दिवसापासून बोलणं बंद झालं. पुतणीच्या लग्नात धाकट्यानं दाराला कुलूप लावलं आणि बायकोमुलांना घेऊन सासुरवाडीला निघून गेला. ते त्यानं चांगलं केलं नाही. त्या पोरीचा काय दोष होता? मांडवात काका नाही म्हणून ती रडली, आणि थोरल्याच्या घरात धाकट्याचा गुन्हा तेवढाच लिहिला गेला.

पण रविवार चुकला नाही, दोघांचाही. थोरला पुढून तिसऱ्या बाकावर बसायचा. तो चर्चच्या अर्थसमितीत होता, दानात हात सढळ होता. धाकटा चर्चमध्ये पाऊलच टाकायचा नाही. मुख्य दाराबाहेर चिंचेच्या झाडाखाली उभा राहून भोंग्यावरून मिस्सा ऐकायचा. त्याच्या बायकोनं एकदा विचारलं तेव्हा म्हणाला, "पवित्र भोजनाच्या आधी एकमेकांना शांती द्यायची असते. आपल्याकडे हात जोडून देतात. माझे हात जुळतील, मन जुळणार नाही. मग खोटं कशाला?" म्हणून तो पवित्र भोजनही घेत नव्हता. ज्याच्या लहानपणाचा प्रत्येक रविवार वेदीच्या पायरीवर गेला, त्यानं तीन वर्षं ख्रिस्तशरीराला लांबून नमस्कार केला. ही शिक्षा त्याची त्यानंच घेतलेली होती आणि ती लहान नव्हती.

थोरल्याचं तसं नव्हतं. तो नियमानं पापनिवेदन करायचा, आणि तिथे प्रामाणिकपणे सांगायचा की माझ्या मनात कुणाविषयी राग नाही. ते खरंही होतं. ज्यानं घेतलेलं असतं त्याला राग कशाला येईल?

दरम्यान पाणी बदललं. आधी धाकट्याच्या वाडीतली विहीर मचूळ झाली, पानवेलीची पानं कडेनं करपू लागली. मग शेजारच्या दोन विहिरी गेल्या. शेवटी चर्चची विहीर. हे एकट्या थोरल्यामुळे झालं असं म्हणणं अन्यायाचं होईल. त्याच्याआधी आणखी पाच-सहा बावखलं भरली गेली होती, टँकरवाले वर्षानुवर्षं उपसा करत होते. पण जमिनीखाली वाटणीचे बांध नसतात. एका रविवारी आजोबांनी पाणी गाळलं, जिभेवर घेतलं आणि फादरांना म्हणाले, "आजपासून वेदीला बाटलीचं पाणी." फादर तरुण होते, बदली होऊन नुकतेच आलेले. त्यांना त्यात विशेष काही वाटलं नाही. आजोबा मात्र त्या दिवशी मिस्साभर सॅक्रिस्टीच्या दारातच उभे राहिले.

मग थोरल्यानं पॅरिश कौन्सिलसमोर एक प्रस्ताव ठेवला. चर्चच्या आवारात पाणी शुद्ध करायचं मोठं यंत्र बसवू. खारं पाणी गोड होईल, येणाऱ्या-जाणाऱ्याला पिता येईल. सगळा खर्च माझा. आई-बाबांच्या नावाची एक संगमरवरी पाटी तेवढी लावा. कौन्सिलनं आनंदानं मान्य केलं. फेब्रुवारीतल्या एका रविवारी त्यानं सहकुटुंब अर्पणाच्या मिरवणुकीत भाकर, द्राक्षारस आणि पाणी घेऊन वेदीकडे जायचं आणि नंतर फादरांनी दानाची घोषणा करायची, असं ठरलं.

रविवारची वाचनं तीन वर्षांच्या चक्रात फिरतात. त्या वर्षी मत्तयचं शुभवर्तमान चालू होतं, आणि त्या रविवारी डोंगरावरच्या प्रवचनातला तो भाग आला जिथे येशू सांगतो की वेदीजवळ पोहोचल्यावरही भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे हे आठवलं, तर दान तिथेच ठेव आणि आधी त्याच्याकडे जा. दिवस कुणी मुद्दाम निवडला नव्हता. तीन वर्षांपूर्वी, डंपर येऊन गेले त्यानंतर काही दिवसांतच, हेच वाचन झालं होतं. थोरल्यानं ते ऐकलं होतं आणि माझ्या मनात राग नाही म्हणून स्वस्थ बसला होता.

मिस्साच्या आधी तो सॅक्रिस्टीत आला. आजोबा कुप्या पुसत होते. द्राक्षारसाची कुपी भरून ठेवलेली होती, पाण्याची रिकामी. बाटली कुठेच दिसत नव्हती.

"आजोबा, पाणी?"

"तूच नेणार आहेस ना? तूच भरून आण. पोहरा जागेवरच आहे."

तो विहिरीवर गेला. किती वर्षांनी त्यानं दोर धरला असेल. पाणी वर आलं, आणि सवयीनं, काही विचार न करता, त्यानं आधी ओंजळभर तोंडात घेतलं. गिळवलं नाही. थुंकून तो तसाच उभा राहिला. नंतर कुपी भरली, परत आला आणि म्हणाला, "हे पाणी वेदीवर कसं न्यायचं? बाटलीचं घ्या ना."

"घेऊ या," आजोबा म्हणाले. "कपाटात आहे. कुठलं न्यायचं ते तू ठरव. मी आता म्हातारा झालो, मला ठरवता येत नाही."

त्यानं कुपी बदलली नाही. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. भरलेली कुपी त्यानं मुख्य दाराजवळच्या लहान टेबलावर, भाकरीच्या ताटाशेजारी ठेवली आणि आज मिरवणुकीत जायचं म्हणून मागच्याच बाकावर बसला. तिथून, उघड्या दारातून, चिंचेचं झाड दिसत होतं. पुढून तिसऱ्या बाकावरून ते तीन वर्षांत त्याला एकदाही दिसलं नव्हतं.

फादरांचं प्रवचन लहान होतं. त्यांना या घरातलं काही ठाऊक नव्हतं, आणि ते बरंच झालं. ठाऊक असतं तर त्यांनी बहुधा शब्द जपून वापरले असते. ते म्हणाले, "नीट ऐका, येशू तुमच्या रागाविषयी इथे बोलत नाही. तुम्हाला कुणाचा राग आला असेल तर, असं तो म्हणत नाही. भावाला तुमचा राग आला असेल तर, असं म्हणतो. मनात काही नाही म्हणून आपण मोकळे होत नाही. दुसऱ्याच्या मनात आपण काय ठेवून आलोय, ते बघायचं आहे."

अर्पणगीत सुरू झालं. थोरल्याच्या बायकोनं भाकरीचं ताट उचललं, मुलानं द्राक्षारस. थोरल्यानं पाण्याची कुपी हातात घेतली, एक पाऊल टाकलं आणि थांबला. मग कुपी टेबलावर परत ठेवून तो वळला आणि दारातून बाहेर गेला.

बाहेर काय झालं ते कुणी ऐकलं नाही. दाराजवळच्या बायकांना एवढंच दिसलं की थोरला बोलतोय आणि धाकटा मान हलवतोय, नाही, नाही. गीत संपत आलं. फादर वेदीच्या पायरीशी दान घ्यायला उभे, आणि दान आलेलं नाही. गायकवृंदातल्या शिक्षिकेनं मागे वळून पाहिलं, सगळं तिच्या लक्षात आलं आणि तिनं पेटीवर पुन्हा पहिलं कडवं धरलं. ते संपलं, पुन्हा धरलं. कुणी घड्याळ पाहिलं नाही, कुणी कुजबुजलं नाही. हजारभर माणसं तेच गाणं पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. कुणीतरी दोघांसाठी जागा धरून ठेवावी तशी. त्या धर्मग्रामानं अनेक चांगली कामं केली आहेत, शाळा चालवली, पुरात घरोघर जेवण पोहोचवलं. पण त्या सकाळचं ते थांबणं मला या सगळ्यांहून मोठं वाटतं. देव थांबतो असं आपण नेहमी म्हणतो. त्या दिवशी त्याची माणसं थांबली.

धाकट्याचं म्हणणं साधं होतं, ते नंतर कळलं. "माफी नको. भराव काढ."

"टोकन घेतलंय," थोरला म्हणाला. "अर्धं खर्च झालं."

"मग?"

"काढतो."

"कधी?"

"हात दे. तू असलास तर उद्यापासून."

धाकटा आत आला, पण त्यानं भावाचा हात धरला नव्हता आणि चेहऱ्यावर हसूही नव्हतं. तो मागच्या बाकाशी उभा राहिला. "पुतणीच्या लग्नाचं मी तिच्याशी बोलेन," एवढंच हळूच म्हणाला. थोरल्यानं कुपी उचलली आणि मिरवणूक पुढे गेली. फादरांनी त्या मचूळ पाण्याचे दोन थेंब द्राक्षारसात मिसळले. शांती देण्याची वेळ आली तेव्हा दोन्ही भावांनी एकमेकांकडे वळून हात जोडले. पवित्र भोजनाला मात्र धाकटा गेला नाही. तो पुढच्या शनिवारी पापनिवेदन करून आला आणि त्यानंतरच्या रविवारी रांगेत उभा राहिला. त्याच्याकडे घाई नव्हती, आणि मला ते आवडतं.

यंत्राची घोषणा त्या दिवशी झालीच नाही. थोरल्यानं फादरांना सांगितलं की ते पैसे आता बिल्डरला परत द्यायचेत, आणि तेही पुरणार नाहीत. बायकोनं पाटल्या मोडल्या. मुलाचं परदेशी जाणं दोन वर्षं लांबलं, त्यावरून घरात धुसफूस झाली आणि ती अजून पुरती मिटलेली नाही. समेट स्वस्तात होतो असं ज्यांना वाटतं त्यांनी त्या घरात महिनाभर राहून बघावं.

थोड्याच दिवसांत राखेचा बुधवार आला. प्रायश्चित्तकाळात दरवर्षी लोक काहीतरी सोडतात, कुणी मांस, कुणी दारू, आणि वाचलेले पैसे गरिबांच्या पेटीत टाकतात. त्या वर्षी पहिल्या रविवारी मिस्सानंतर चार-पाच तरुण फावडी-घमेली घेऊन बावखलावर गेले. दुसऱ्या रविवारी तीसेक माणसं होती. जेसीबीचे दोन दिवसांचे पैसे व्हिन्सेंट डी पॉलच्या एका बाईनं घराघरांतून पाकिटं गोळा करून जमवले, आणि थोरल्यानं जाहीर विरोध केला तरी दिले. लाल लुगड्यातल्या म्हाताऱ्या काठावर बसून चहा करायच्या. लग्नात रडलेली पुतणी सासरहून आली, काकाशी पाच मिनिटं बोलली आणि घमेलं उचलून रांगेत लागली. पवित्र आठवड्याच्या आधी तळाची काळी माती दिसली.

ईस्टरच्या आदल्या रात्री पाणी आशीर्वादित केलं जातं. ते त्या वर्षीही बाटलीचंच होतं, कारण जमीन वर्षानुवर्षांचं मीठ काही आठवड्यांत सोडत नाही. पावसाळ्यात बावखल काठोकाठ भरलं. त्या दिवाळीत आजोबांनी चर्चच्या विहिरीचं पाणी चाखलं आणि मान हलवली. पुढल्या वर्षी पुन्हा चाखलं, म्हणाले, "थोडं कमी आहे." धाकट्याच्या विहिरीवर फरक लवकर दिसला, तिथे पानवेलीला नवे शेंडे आले. बाकीची बावखलं अजून भरलेलीच आहेत, त्यांवर इमारती आहेत, त्या कोण काढणार? एका बावखलानं होईल तेवढंच होणार.

थोरला आता पुन्हा पुढून तिसऱ्या बाकावर बसत नाही. मागेच बसतो, दाराकडे. परवा पलीकडच्या आळीतला एकजण मिस्सानंतर त्याला आवारात भेटला. त्यालाही कुणीतरी टोकन देऊ केलं होतं, आणि जागेत एका बहिणीचा हिस्सा होता. ती नालासोपाऱ्याला राहते, सहा वर्षं दोघांचं बोलणं नाही.

"तिला विचारलंस?" थोरल्यानं विचारलं.

"विचारेन की. पुढच्या रविवारी ती आईच्या मिस्साला येणारच आहे. मिस्सा झाली की बोलतो."

"मिस्साच्या आधी बोल," थोरला म्हणाला. "शनिवारीच जा. संध्याकाळी सहानंतर ती घरी असते, मी फोन करून ठेवतो. आणि हे बघ, एकटा जाऊ नकोस. धाकट्याला बरोबर घेऊन जा, तो तिच्या वर्गात होता."